वेल्सच्या दरीतली लढाऊ विमाने : सीमाभागातून जाणाऱ्या छायाचित्रकारांसाठी

उद्यमबागकर (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

लढाऊ विमाने जवळून पाहण्यासाठी आणि त्यांची छायाचित्रे घेण्यासाठी परदेशी जायचे झाले, तर हाताशी असलेले दिवस कुठे घालवावेत, असे आपल्या बेळगाव सीमाभागातील बरेच जण विचारतात. माझे मत आधी सांगतो आणि मग कारणे मांडतो. एकच सहल परवडणार असेल, तर एअर शोच्या मैदानाऐवजी वेल्समधल्या ‘मॅक लूप’ या दरीत जावे. तिथे तिकीट नाही, मंडप नाही, निवेदक नाही. रोजच्या सरावाला निघालेली विमाने समोरून जातात आणि आपण डोंगराच्या धारेवर बसून त्यांची वाट पाहायची असते.

आपल्याकडे या छंदाला वाव किती कमी आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सांबऱ्याला हवाई दलाचे जुने ठाणे आहे. पण तिथे वायुसैनिक घडवले जातात, लढाऊ विमानांचा ताफा तिथे नसतो. दाबोळीला नौदलाच्या ‘हंसा’ तळावर २०१६ पर्यंत सी हॅरियर विमाने होती आणि आता मिग-२९के आहेत. पुण्याला लोहगावात सुखोई-३० आहेत. म्हणजे लढाऊ विमानांच्या दोन मोठ्या तळांच्या मध्ये आपण राहतो, पण कॅमेरा घेऊन त्यांच्या कुंपणापाशी उभे राहणे कायद्याने गुन्हा आहे, आणि देशाच्या सुरक्षेचा विचार करता तो असायलाच हवा. म्हणून ज्याला हा छंद गांभीर्याने जोपासायचा आहे, त्याला कधी ना कधी बाहेर जावेच लागते.

आता दरीविषयी. वेल्समध्ये डोलगेथ्लाय आणि मॅखन्लेथ या दोन गावांच्या दरम्यान काही दऱ्या एकमेकींना अशा जोडल्या गेल्या आहेत, की विमानाला त्यांतून वळणे घेत पूर्ण फेरी मारता येते. ब्रिटनने कमी उंचीवरील उड्डाणांसाठी देशाचे जे विभाग पाडले आहेत, त्यांतील सातव्या विभागात ही जागा येते. जेट विमानांना येथे जमिनीपासून २५० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ७६ मीटरपर्यंत, खाली येण्याची मुभा असते. डोंगराची धार त्याहून उंच असल्यामुळे धारेवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या रेषेत, आणि पुष्कळदा तिच्याही खालून, विमान जाते. एरवी जमिनीवरून आपल्याला विमानाचे पोटच दिसते. इथे त्याची पाठ दिसते, पंखांवरचे रंग आणि खुणा दिसतात, काचेखालच्या वैमानिकाचे शिरस्त्राण दिसते, आणि मागे निळ्या रिकाम्या आकाशाऐवजी हिरवा डोंगर असतो. या एका गोष्टीसाठी जगभरातले छायाचित्रकार तिथे येतात.

बसण्याच्या जागांना तिथली मंडळी कॅड वेस्ट, कॅड ईस्ट, बुल्ख, ब्लूबेल आणि कॉरिस कॉर्नर अशा नावांनी ओळखतात. पहिल्या दोन जागा ए-४८७ या रस्त्यालगतच्या खिंडीच्या दोन बाजूंना आहेत. गाडी खाली ठेवून खडा चढ चढावा लागतो. बहुतेक विमाने दरीतून घड्याळाच्या उलट दिशेने जातात, त्यामुळे कॅडच्या धारेवरून पाहिले तर ती दिनास मौदवीच्या बाजूने येतात आणि टालिख्लिन तलावाकडे उतरतात. चोर्ला घाटातल्या एखाद्या वळणावर उभे राहून खालून येणारी गाडी पाहावी, तसा हा कोन आहे. फरक इतकाच, की विमान समोर असते जेमतेम तीन-चार सेकंद.

काय काय दिसते? सर्वांत भरवशाचे म्हणजे काळ्या रंगाचे हॉक टी-२. अँगलसी बेटावर ‘व्हॅली’ नावाचा हवाई तळ आहे, तिथे ब्रिटनचे भावी लढाऊ वैमानिक या विमानावर शिकतात. दुरून चटकन नजरेत यावे म्हणून त्याला काळा रंग दिलेला आहे. आपल्याला या विमानाविषयी विशेष जिव्हाळा वाटायला हवा, कारण याच कुळातले हॉक १३२ आपल्याच राज्यात बीदरला आहे. २००४ साली भारताने ६६ विमानांची मागणी नोंदवली, त्यांतली ४२ बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधली, आणि आज सूर्यकिरण पथक त्याच विमानावर कसरती करते. याशिवाय लेकनहीथ येथील अमेरिकी तळावरून एफ-१५ई आणि एफ-३५ए येतात, कोनिंग्जबीहून टायफून येतात, मारहॅमची एफ-३५बी येतात आणि अधूनमधून ए-४००एम हे अवाढव्य मालवाहू विमान वळणावर एका अंगावर झुकत जाते. २०२५ च्या जून-जुलैमध्ये तिरुवनंतपुरम विमानतळावर महिनाभराहून अधिक काळ अडकून पडलेले जे ब्रिटिश विमान आपण सर्वांनी बातम्यांत पाहिले, ते याच एफ-३५बी जातीचे.

वेळापत्रक मात्र मिळत नाही. १०० फुटांपर्यंतच्या विशेष सरावाच्या वेळा ब्रिटनचे संरक्षण मंत्रालय प्रसिद्ध करते, परंतु २५० फुटांच्या नेहमीच्या उड्डाणांविषयी आगाऊ काही कळत नाही. शनिवार-रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी दरी जवळजवळ रिकामी असते, एवढे गृहीत धरावे. ढग डोंगराच्या माथ्यावर टेकले असतील, तर त्या दिवशी कोणीही येत नाही. म्हणून माझा आग्रह आहे, की सोमवार ते शुक्रवार असा संपूर्ण आठवडा दरीसाठी राखून ठेवावा. दोन दिवस धावत जाऊन येणाऱ्याच्या पदरी बहुधा पाऊसच पडतो.

विमान येते ते आवाजाच्या पुढे. धारेवर बसलेल्यांपैकी ज्याची नजर आधी जाते तो ओरडतो, सगळे कॅमेरे एका दिशेला वळतात, आणि समोरच्या डोंगराच्या रंगातून एक करडा ठिपका सुटा होतो. तो वळणावर पंख उभे करतो तेव्हा दमट हवेत पंखांच्या वरच्या बाजूला पांढरी वाफ धरते आणि क्षणात फाटते. एफ-१५ईच्या मागच्या आसनावरचा अधिकारी मान वळवून थेट धारेकडे पाहतो, हे मी स्वतः पाहिले आहे. मग आवाज येतो आणि छातीच्या पिंजऱ्यात बसतो. पहिले विमान गेल्यावर कॅमेरा खाली ठेवू नये, हे नव्या माणसाला आवर्जून सांगतो. अशी विमाने बहुधा जोडीने उडतात आणि दुसरे काही क्षणांच्या अंतराने येते. पहिल्यावर नजर तयार करावी आणि दुसऱ्यावर छायाचित्र घ्यावे.

बाकीच्यांनी आपापले अनुभव आणि शंका मोकळेपणाने मांडाव्यात.

निपाणीकर

लेख मनापासून आवडला, तरीही मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही, म्हणून लिहितो. इंग्लंडमध्ये फेअरफर्ड येथे दर जुलैमध्ये रॉयल इंटरनॅशनल एअर टॅटू भरतो. १९७१ साली नॉर्थ वील्डला सुरू झालेला हा मेळावा १९८५ पासून फेअरफर्डला होतो, आणि २००३ साली तिथे ५३५ विमाने जमली होती. जी विमाने आयुष्यात पुन्हा दिसणार नाहीत, ती एका मैदानात उभी असतात. दरीत आठवडाभर बसून केवळ हॉक पाहून परत आलेले लोक मला माहीत आहेत. आपल्यासारख्या माणसाने, ज्याला वर्षानुवर्षे पैसे साठवूनच असा प्रवास करता येतो, त्याने खात्रीच्या जागी जाऊ नये काय?

माझा स्वतःचा कल जमिनीवर उभ्या असलेल्या विमानांकडे अधिक आहे. रिव्हेटच्या ओळी, हवा आत घेणाऱ्या तोंडांची घडण, शेपटीवरील पथकाची चिन्हे, चाकांच्या कप्प्यातल्या नळ्या, हे सर्व थांबून पाहता येते. चार सेकंदांत जाणाऱ्या विमानातून ते कसे समजणार?

उद्यमबागकर

निपाणीकर, आपला मुद्दा रास्त आहे. ज्याला विमानाची रचना अभ्यासायची आहे, त्याने फेअरफर्डलाच जावे. तिकीट आगाऊ घ्यावे लागते आणि राहण्याच्या जागा फार आधी भरतात, एवढे ध्यानात असू द्यावे. शिवाय मेळाव्याच्या मुख्य दिवसांपेक्षा त्याआधीचे विमाने उतरण्याचे दिवस आणि नंतरचा सोमवारचा निघण्याचा दिवस छायाचित्रकाराला अधिक देतात, कारण त्या वेळी विमाने धावपट्टीजवळ कमी उंचीवर आणि एकामागून एक मिळतात.

माझा आक्षेप छायाचित्रापुरता आहे. मेळाव्यात विमान प्रेक्षकांपासून ठरवून दूर ठेवलेले असते, दुपारच्या उन्हात जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेने त्याच्या कडा थरथरतात, आणि हजारो लोक एकाच रेषेवरून तेच चित्र घेत असतात. ज्यांना दोन्ही हवे आहे, त्यांनी मेळाव्याच्या शनिवार-रविवारला जोडून पुढचे पाच दिवस वेल्सला द्यावेत. दरी शनिवार-रविवारी रिकामीच असते, त्यामुळे यात काही गमवावे लागत नाही.

निवृत्त सार्जंट, सांबरा

विमाने इतकी खाली का उडतात, हे कोणी लिहिले नाही, म्हणून मी थोडे लिहितो. हवाई दलात माझे आयुष्य विमानांच्या देखभालीत गेले आहे.

रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे जमिनीवरील रडारला किती दूरचे विमान दिसेल, हे विमानाच्या उंचीवर ठरते. हिशेब सोपा आहे : विमानाच्या उंचीचे मीटरमधील वर्गमूळ आणि रडारच्या उंचीचे वर्गमूळ यांची बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. रडार १० मीटर उंचीवर असेल आणि विमान ३००० मीटरवर असेल, तर ते सुमारे २३९ किलोमीटरवरून दिसू शकते. तेच विमान ७६ मीटरवर आले, तर हे अंतर सुमारे ४९ किलोमीटरवर येते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या विमानाला ते अंतर तोडायला चार मिनिटेही लागत नाहीत. मध्ये डोंगर असेल तर तेवढाही अवधी मिळत नाही. दरीतून उडण्याचे सगळे मर्म यात आहे.

१९९१ च्या आखाती युद्धात ब्रिटिश टोर्नेडो विमाने सुरुवातीला अगदी खालून हल्ले करत होती. त्यांत हानी झाल्यावर ती मधल्या उंचीवर गेली. पुढची बरीच वर्षे पुष्कळांना वाटले, की कमी उंचीवरच्या उड्डाणाचे दिवस संपले. २०२२ पासून युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंची विमाने क्षेपणास्त्रांपासून वाचण्यासाठी झाडांच्या शेंड्यांपर्यंत खाली उडताना जगाने पाहिली, आणि या सरावाचे मोल पुन्हा सर्वांच्या लक्षात आले.

तुम्हा तरुण मंडळींना एक विनंती आहे. तुमच्यासमोरून जाणारे ते विमान पुष्कळदा एका शिकाऊ मुलाच्या हाती असते. त्या उंचीवर चूक सुधारायला वेळ नसतो. २८ जानेवारी २०२३ रोजी मुरैनाच्या आकाशात सुखोई आणि मिराज यांचा अपघात झाला, त्यात गेलेले वैमानिक आपल्या बेळगावचे होते. छायाचित्र घेताना एवढे मनात असावे.

उद्यमबागकर

काका, आपण लिहिलेत हे फार बरे झाले. त्या विंग कमांडरांची अंत्ययात्रा बेळगावातल्या कोणीही विसरलेले नाही.

आपल्या मुद्द्याला जोडून पाहणाऱ्यांच्या सुरक्षेविषयीही लिहितो. अमेरिकेत डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात रेनबो कॅन्यन नावाची अशीच एक जागा छायाचित्रकारांमध्ये प्रसिद्ध होती. ३१ जुलै २०१९ रोजी तिथे नौदलाचे एक सुपर हॉर्नेट दरीच्या भिंतीवर आदळले, वैमानिकाचा मृत्यू झाला आणि कठड्यापाशी उभे असलेले सात पर्यटक जखमी झाले. वेल्समध्येही धोका शून्य नाही. धारेच्या अगदी टोकावर उभे राहू नये, चकाकणारे काही हलवू नये, आणि ड्रोन तर त्या परिसरात बॅगेतूनही नेऊ नये, असे मी सर्वांना कळकळीने सांगतो.

शहापूरचा स्टुडिओवाला

छायाचित्रणाच्या बाजूने लिहितो. माझा व्यवसाय लग्नसमारंभांचा असला, तरी विमानांचा नाद जुना आहे.

जेटसाठी शटरचा वेग सेकंदाचा एक हजारावा भाग किंवा त्याहून जलद ठेवावा, असे सर्वत्र सांगितले जाते. त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ताशी ८०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२२ मीटर; म्हणजे शटर १/१००० सेकंद उघडे असताना विमान २२ सेंटिमीटर पुढे गेलेले असते. नुसता जलद शटर लावून हात स्थिर ठेवला, तर चित्र पुसट येणारच. कॅमेरा विमानाबरोबर फिरला पाहिजे. विमान दीडशे मीटरवरून जात असेल, तर ऐन समोर आल्यावर कॅमेऱ्याला सेकंदाला सुमारे ८५ अंश फिरावे लागते, म्हणजे एका सेकंदात जवळजवळ काटकोन. मनगटाने हे जमत नाही. पाय रोवून, कोपरे फासळ्यांना टेकवून, कमरेपासून वळावे लागते, आणि शटर दाबल्यावरही वळणे चालू ठेवावे लागते. ट्रायपॉडचा येथे काही उपयोग नाही.

ज्यांचा हात तयार आहे त्यांनी १/५०० किंवा त्याहून संथ वेग वापरून पाहावा. मागचा डोंगर रेघांमध्ये विरघळतो आणि विमान धारदार राहते. पंख्याच्या विमानाला मात्र १/२५० च्या वर जाऊ नये, नाहीतर पंखा गोठून विमान हवेत टांगल्यासारखे दिसते. हेलिकॉप्टरसाठी याहूनही संथ.

भिंग ४०० किंवा ५०० मिलिमीटरपर्यंत पोहोचणारे झूम असावे. १००-४०० हे पुरेसे आहे, कारण दरीत विमान इतके जवळ येते, की ६०० वर पंख चौकटीबाहेर जातात. प्रकाशाचे गणित आकाशापुढे आणि डोंगरापुढे वेगळे असते : करडे विमान गडद डोंगरापुढे असताना कॅमेरा डोंगराला उजळवायला जातो आणि विमानाचा वरचा भाग पांढराफटक होतो, म्हणून प्रकाशाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) थोडी उणे ठेवावी, ढगाळ आकाशापुढे तीच अधिक करावी. सराव कुठे करावा, असे कोणी विचारेल. किल्ल्याच्या तलावावर घारी आणि बगळे भरपूर आहेत. झेपावणाऱ्या घारीवर ज्याची चौकट टिकली, त्याला हॉक अवघड जाणार नाही.

खानापूरचा रानवाट्या

मी सह्याद्रीत फिरणारा माणूस आहे आणि कॅडच्या धारेवर जाऊन आलो आहे. चढ आपल्या माणसाला नवा नाही. गवत, शेवाळ आणि निसरडा दगड खानापूरच्या पावसाळ्यात आपण रोज तुडवतो. नवा असतो तो वारा. जुलै महिन्यातही धारेवर तासन्तास बसल्यावर बोटे शटरवर वळेनाशी होतात. लोकरीचे आतले कपडे, वारा अडवणारे जाकीट, बोटांची टोके उघडी राहणारे हातमोजे आणि बसायला जाड चटई, एवढे न्यावेच. भिंग पुसायला सुती पंचा सर्वांत उत्तम; ओला झाला तरी पिळून पुन्हा वापरता येतो. छत्री नेऊ नये, ती टिकत नाही.

तिथल्या उतारांवर मेंढ्या चरतात आणि जमिनीचा बराच भाग शेतकऱ्यांचा आहे. कुंपणाचे फाटक ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत ठेवावे, दगडी बांधावर चढू नये, कचरा परत आणावा.

मोटार नसेल तरी अडत नाही. बर्मिंगहॅमहून ॲबरिस्टविथला जाणारी रेल्वे मॅखन्लेथला थांबते, आणि तिथून डोलगेथ्लायकडे बस जाते. मोटार भाड्याने घेणाऱ्यास भारतीय परवाना चालतो आणि गाडी डाव्या बाजूनेच चालवायची असते, त्यामुळे फारसे अवघड जात नाही.

कॅम्पातील वकील

कायद्याची बाजू कोणीतरी सविस्तर मांडायला हवी, म्हणून लिहितो. या छंदातील माणूस निरुपद्रवी असतो, हे आपल्याला ठाऊक असते. पहारेकऱ्याला ते ठाऊक नसते.

नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता येथे विमाने पाहायला गेलेल्या बारा ब्रिटिश आणि दोन डच नागरिकांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. ते विमानांचे क्रमांक वहीत टिपत होते, जे या छंदात सर्रास केले जाते. एप्रिल २००२ मध्ये त्यांना दोषी ठरवून शिक्षा सुनावण्यात आली आणि नोव्हेंबर २००२ मध्ये अपिलात ती रद्द झाली. निर्दोष ठरेपर्यंत वर्ष गेले. २०१५ साली संयुक्त अरब अमिरातीत फुजैरा विमानतळाजवळ विमाने पाहणाऱ्या ब्रिटिश नागरिकांना सुमारे दोन महिने कोठडीत काढावे लागले. आपल्यापैकी बहुतेकांचा युरोपचा प्रवास आखातातील विमानतळांवरून होतो, आणि तिथे नागरी व लष्करी विमाने एकाच धावपट्टीवर दिसू शकतात. वेळ काढण्यासाठी खिडकीतून मोठे भिंग रोखण्याचा मोह तिथे टाळावा.

ब्रिटनमध्ये सार्वजनिक जागेतून विमानाचे छायाचित्र घेणे सामान्यतः गुन्हा नाही. परंतु २०२३ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने लष्करी तळ हे प्रतिबंधित स्थळ ठरतात, आणि जून २०२५ मध्ये ब्राइझ नॉर्टन तळात आंदोलक शिरून विमानांवर रंग फेकल्यानंतर कुंपणाभोवतीचा पहारा कडक झाला आहे. पोलिसांनी विचारले तर पारपत्र दाखवावे, चित्रे दाखवावीत, आणि हलायला सांगितले तर वाद न घालता हलावे. वैमानिकांचे संभाषण ऐकण्यासाठी काही लोक रेडिओ स्कॅनर बाळगतात. ब्रिटनच्या २००६ च्या कायद्यानुसार ते ऐकणे गुन्हा आहे. तिथले लोक वापरताना दिसले, तरी व्हिसावर गेलेल्या माणसाने तो धोका पत्करू नये.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. वेल्समध्ये लागलेली सवय घेऊन कोणी सांबऱ्याच्या किंवा लोहगावच्या भिंतीपाशी उभे राहू नये. आपल्याकडे १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे आणि प्रतिबंधित जागेच्या छायाचित्रणाला त्यात गंभीर शिक्षा आहे. सीमाभागातील मराठी तरुणाला आधीच कागदपत्रांपासून फलकांपर्यंत बऱ्याच गोष्टींसाठी खेटे घालावे लागतात. त्यात या कारणासाठी पोलीस ठाण्याची भर पडू नये.

चिकोडीची अभियंता

सर्वांचे आभार. मी हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करते. दिवसभर मायक्रोमीटर हातात असतो, भाग प्रवासी विमानांना लागतात, पण ज्या यंत्राचा आपण एक तुकडा घडवतो ते संपूर्ण यंत्र वेगात असताना पाहावे, अशी फार दिवसांची इच्छा आहे. मैत्रिणीबरोबर पुढच्या उन्हाळ्यात जाण्याचा विचार आहे. दोन प्रश्न आहेत. व्हिसाच्या अर्जात सहलीचा हेतू लष्करी विमाने पाहणे असा लिहावा काय? आणि महागडा कॅमेरा परत आणताना सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अडवले तर काय करावे?

तिसरा प्रश्न बाबांसाठी आहे. त्यांनाही यायचे आहे, पण त्यांचे गुडघे दुखतात आणि ते डोंगर चढू शकणार नाहीत.

कॅम्पातील वकील

ताई, अर्जात खरे तेच लिहावे. सर्वसाधारण पर्यटक व्हिसा सहा महिन्यांपर्यंतचा असतो. पर्यटन आणि छायाचित्रणाचा छंद, जाण्याची गावे, राहण्याच्या जागा, असे सरळ लिहिले की पुरे. आपल्याला ठसे देण्यासाठी गोवा, पुणे किंवा बंगळूर यांपैकी सोयीचे केंद्र निवडता येते. नोकरीचे पत्र आणि रजेची मंजुरी सोबत जोडावी.

कॅमेऱ्यासाठी निघतानाच विमानतळावरील सीमाशुल्क कक्षातून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. त्यावर कॅमेरा आणि भिंगांचे अनुक्रमांक नोंदवले जातात, आणि परतताना ही वस्तू आपण येथूनच नेली होती याचा तो पुरावा ठरतो. त्यासाठी विमानतळावर पुरेसे लवकर पोहोचावे, खरेदीची पावती जवळ ठेवावी, आणि वस्तू तपासणीसाठी हातातल्या बॅगेत असाव्यात.

शहापूरचा स्टुडिओवाला

त्याला जोडून एक सांगतो : सुट्या बॅटऱ्या मोठ्या सामानात टाकू नयेत, त्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. थंडीत त्या लवकर उतरतात, म्हणून जास्तीच्या घ्याव्यात आणि धारेवर त्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात.

उद्यमबागकर

चिकोडीच्या ताईंच्या बाबांसाठी लिहितो, कारण हा प्रश्न आणखी पुष्कळांचा असणार. चढ जमत नसेल तर दरीचा हट्ट धरू नये. अँगलसीवरचा व्हॅली तळ सपाट प्रदेशात समुद्राकाठी आहे. शेजारच्या रोसनायगर गावाच्या बाजूने, सार्वजनिक जागेतून, उतरणारी हॉक विमाने आरामात पाहता येतात, आणि गावाला रेल्वेचे स्थानकही आहे. दरीत दिसणारी हॉक येथूनच निघतात, तेव्हा मुलगी दरीत आणि वडील तळापाशी असे दोघेही एकाच दिवशी तीच विमाने पाहू शकतील.

इंग्लंडच्या पूर्व भागात लेकनहीथला कुंपणालगत विमाने पाहणाऱ्यांची नेहमीची सपाट जागा आहे. शेपटीवर ‘एलएन’ ही अक्षरे असलेली एफ-१५ई तिथून जोडीजोडीने उठतात. २०२१ च्या डिसेंबरपासून एफ-३५ए विमानेही तिथे आली आहेत. तिथून मोटारीने डक्सफर्डचे युद्धसंग्रहालय फार दूर नाही. तिथे एसआर-७१ हे टेहळणी विमान आणि बी-५२ हे बॉम्बफेकी विमान एका छताखाली उभी आहेत, आणि निपाणीकरांना ज्या रिव्हेटच्या ओळी पाहायच्या आहेत, त्या तिथे हवा तेवढा वेळ पाहता येतील.

आणि बर्मिंगहॅमवरून जाणार असलात, तर कॉसफर्ड येथील हवाई दलाचे संग्रहालय चुकवू नका. तिथे असलेले जॅग्वार हे लढाऊ विमान ब्रिटनने २००७ साली निवृत्त केले. आपल्या हवाई दलात ते ‘शमशेर’ या नावाने अजून सेवेत आहे. सार्जंट काकांसारख्या माणसाबरोबर हे संग्रहालय पाहायला मिळाले, तर आणखी काय हवे. काका, आपण येणार असाल तर कळवा. मे महिन्याच्या अखेरीस निघण्याच्या दृष्टीने मी व्हिसाची कागदपत्रे जमवायला घेतली आहेत, आणि ज्यांना बरोबर यायचे आहे त्यांनी दिवाळीपूर्वी येथेच लिहावे, म्हणजे मॅखन्लेथमधल्या खोल्या एकत्र ठरवता येतील.